तिच्या लहानपणाचा फॉर्म

मुलांनो, दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आर्वीच्या ताईचा विषय निघाला आणि मी तो घाईघाईने बदलला, हे तुम्ही दोघांनीही पाहिलं. फोन ठेवता ठेवता धाकटीने विचारलं, "आजी, तू त्या ताईची कॉलेजमध्ये कंप्लेंट केलीस, हे खरं आहे का?" मी "नाही गं" म्हणाले आणि नेट गेल्याचं सांगून फोन बंद केला. नेट गेलं नव्हतं.

कंप्लेंट मी केली नाही. जे केलं ते मात्र सांगायला हवं, कारण आर्वीच्या नातेवाइकांकडून तुमच्यापर्यंत एक हकिगत पोहोचलीच आहे आणि ती निम्मी खरी आहे. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते, तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून. एक पान झालं आणि फाडलं. ज्या भाषेत मी तो फॉर्म भरला, त्याच भाषेत पुन्हा इतकी नेटकी वाक्यं येऊ लागली की मलाच भीती वाटली. तेव्हा मराठीत लिहिते. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

ही ताई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची नात. बहीण गेली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, आर्वीला असते. जावई एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. ही पोरगी सहा वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत दर उन्हाळ्यात महिना-दीड महिना माझ्याकडे नालवाडीला राहायची. म्हणून तिचं लहानपण तिच्या आईइतकंच मीही पाहिलेलं. मला ती 'मोठी आजी' म्हणते. बारावीनंतर तिला इथेच वर्ध्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष होस्टेलवर काढलं आणि तीन विषय राहिले. इथे त्याला 'बॅक लागला' म्हणतात. दुसऱ्या वर्षी भाचीने तिला माझ्याकडे आणून सोडलं. "मावशी, तुझ्या धाकात राहील तर पास होईल," असं म्हणाली. जावई दारातूनच म्हणाले, "हे शेवटचं. उन्हाळ्याच्या परीक्षेत बॅक निघाले नाही तर सामान उचलायचं अन् आर्वीले यायचं."

माझा धाक तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या घरात चपला भिंतीकडे तोंड करून असतात, कात्री शिवणाच्या डब्यात आणि टॉर्च खिडकीत. गल्लीतले लोक बँकेचे, पासपोर्टचे, पेन्शनचे फॉर्म माझ्याकडून भरून नेतात, कारण मी भरलेला फॉर्म परत येत नाही. तीसहून जास्त वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कसं शिकवलं तेही सांगते, कारण पुढे ते लागेल. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना इंग्रजीची धडकी भरलेली असायची. मी प्रत्येक प्रश्नाचं आदर्श उत्तर तयार करायची आणि फळ्याशी उभी राहून सांगायची. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची, पेपरात ओतायची आणि पास व्हायची. माझ्या उत्तरांच्या वह्यांच्या झेरॉक्स देवळी-पुलगावपर्यंत जायच्या. मला त्याचा अभिमान होता. नाही म्हणणार नाही.

जानेवारीची गोष्ट. मी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पोरगी आली, समोर उकिडवी बसली आणि सोलायला लागली. आपण होऊन कामाला हात लावला म्हणजे काहीतरी हवं असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मोठी आजी, एक सांगू? मले तो आजार हाय."

"कोणता?"

"तोच. तुह्या अमेरिकेच्या नातवाले हाय तो. लक्ष नाई लागत तो."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलं?"

"मीच शोधलं. सगळं जुळते माह्याशी. वाचाले बसते अन् अर्धं पान झालं का मन कुठच्या कुठं. नागपूरच्या डॉक्टरकडे जाऊन आली मी मैत्रिणीसंग. डॉक्टर म्हणे, बारा वर्षांच्या आत तुले ज्यानं पाह्यलं त्याच्याकडून हा फॉर्म भरून आण."

"मग आईकडे जा."

"आईले इंग्रजी येते का? अन् आईले सांगितलं तर म्हणल, डोक्याच्या डॉक्टरकडे काऊन गेलती? लग्न जमन का तुहं?" ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "आजी, बॅक नाई निघाले तर बाबा खरंच घेऊन जाईन मले."

दादा, इथे तुझा संबंध येतो. तू अकरा वर्षांचा असताना तुझ्या आईने मला त्या आजाराचं नाव सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, "आमच्याकडे असलं काही नसतं. उठून फिरणाऱ्या मुलाला बस म्हटलं की तो बसतो." तू मागे बसून ऐकत होतास, हे मला नंतर कळलं. नंतर मी वाचलं, चुकले हेही कळलं, पण तुझ्याजवळ कधी बोलले नाही. ते ओझं होतं. या पोरीने विचारलं तेव्हा वाटलं, एकदा नाकारलं, आता पुन्हा नाकारायचं नाही. या विषयातलं मला कळतं असंही वाटलं. तुझ्यामुळेच.

फॉर्म दीड पानाचा होता. मूल सांगितलेलं काम अर्धवट सोडतं का, वस्तू हरवतं का, जागेवरून उठतं का, बोलणाऱ्याचं ऐकून घेतं का. पुढे चार चौकोन : कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. आणि प्रत्येक प्रश्नाखाली 'उदाहरण द्या' म्हणून दोन रिकाम्या ओळी. मी आधी पेन्सिलीने कच्चा भरला, मग पेनाने पक्का. सकाळ त्यात गेली. उदाहरणं मला शोधावी लागली नाहीत. पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं तर परसातून लिंबू घेऊन आली आणि तांब्या आडाजवळ विसरली. केळझरच्या गणपतीला नेलं तेव्हा रांगेतून नाहीशी झाली आणि नारळवाल्याशेजारी त्याच्या फळीवर बसलेली सापडली. पाढ्यांच्या वहीत सतराचा पाढा पाचापर्यंत आणि खाली बकरीचं चित्र. सगळं घडलेलं. एक अक्षर खोटं नाही. चौकोनांत मी बहुतेक ठिकाणी 'नेहमी'वर खूण केली, कारण मला ते नेहमीच वाटायचं.

तिने वाचलं आणि माझ्या गळ्यात पडली. "कसलं कडक लिहिलं आजी! माह्या आईनं तर एका ओळीत संपवलं असतं, 'पोरगी चांगली आहे' म्हणून."

मला बरं वाटलं. फॉर्मखाली मी सही केली, नातं लिहिलं, तारीख घातली.

गोळ्या फेब्रुवारीत सुरू झाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय कुठलाही मेडिकलवाला त्या देत नाही आणि चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो. त्यामुळे मला उलट विश्वास वाटला, की एवढा बंदोबस्त आहे तर काळजी कशाची. आणि पोरगी बदलली. काय सांगू तुम्हाला! सकाळी टेबलाशी बसली की दुपारपर्यंत मान वर नाही. चपला भिंतीकडे तोंड करून. आंघोळीनंतर टॉवेल दोरीवर, कोपऱ्याला कोपरा जुळवून. एका रविवारी तिने माझं मसाल्याचं कपाट रिकामं केलं, डबे घासले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. मी तुमच्या आईला मुद्दाम फोन करून सांगितलं, "पोरीला वळण लागलं." सारं आयुष्य मी ज्यासाठी मुलांच्या मागे लागले ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात, न बोलता घडत होतं. मला ते इतकं आवडलं की मी बाकीचं पाहिलं नाही.

बाकीचं म्हणजे, डबा तसाच परत यायचा. पोळ्यांची घडी मोडलेली नसायची. "कँटीनमध्ये खाल्लं" म्हणायची. खालचा ओठ सोलून सोलून लाल झालेला. मी हाक मारली की दचकायची, आणि एकदा शेजारच्या बाई साखर मागायला आल्या तर त्यांच्यावर असं खेकसली की त्या वाटी तशीच घेऊन गेल्या. मी म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. मार्चमध्ये तिच्या सलवारीची नाडी दोनदा आवळून बांधलेली दिसली. मी म्हणाले, उन्हाळा आहे, अन्न जात नाही. मी पहाटे उठायची तेव्हा तिच्या दाराखाली उजेड असायचा. मला वाटायचं, माझ्यासारखीच लवकर उठते.

एप्रिलच्या मध्यावर तिची होस्टेलवरची मैत्रीण आली. बारीक चणीची, हिंगणघाटकडची, बोलताना "हो ना मॅडम, हो ना मॅडम" करणारी. माझी पोरगी कॉलेजात होती. मैत्रिणीला ते माहीत होतं, ती माझ्याकडेच आली होती.

"मॅडम, जरा इंग्लिश चेक करून द्याल का? आमच्या घरी कोणालाच येत नाही."

तिने कागद पुढे केला. मी चष्मा लावला, सवयीने लाल पेन घेतलं. पहिल्याच वाक्यात क्रियापदाचा काळ चुकला होता, तो दुरुस्त केला. दुसऱ्यात एक शब्द गळला होता, तो घातला. तिसऱ्या वाक्यात एक मुलगी पाणी आणायला गेली आणि लिंबू घेऊन परत आली.

पेन कागदावरच राहिलं आणि शाई एका जागी पसरली. खाली देवळाची रांग होती, नारळवाला होता. फक्त केळझरच्या ऐवजी दुसऱ्या गावचं नाव होतं. बकरीच्या जागी मांजर होती. बाकी ओळी माझ्या, स्वल्पविरामांसकट.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"माझ्या काकांनी, मॅडम."

"तुझ्या काकांनाही लिंबू आठवतं का?"

ती रडवेली झाली. आणि मग सगळं भडाभडा सांगितलं. नावं बदलली की मला ओळखू येणार नाही, असं तिला वाटलं होतं. मी भरलेल्या फॉर्मचा फोटो माझ्या पोरीने काढून मैत्रिणींना पाठवला होता. 'आजीचा फॉर्म' म्हणून तो ग्रुपवर फिरत होता. डॉक्टरांसमोर काय बोलायचं, कुठे अडखळायचं, प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा, पाय हलवत बसायचं, हे मोबाईलवरच्या व्हिडिओंतून शिकायचं. पण घरच्यांचा फॉर्म कोणाला जमत नव्हता. तो माझ्यामुळे जमू लागला. दोघींनी तो वापरलाही होता. ज्यांना चिठ्ठी मिळत नव्हती त्या माझ्या पोरीकडून गोळ्या घ्यायच्या. परीक्षेपुरत्या.

"आणि तिला स्वतःला?" मी विचारलं. "तिला खरंच तो आजार आहे का?"

मैत्रिणीने ओढणीने डोळे पुसले. "मॅडम, आजार कोणालाच नाही. बॅक आहेत."

कागद तिने माझ्या हातातून घेतला आणि गेली. लाल दुरुस्त्यांसकट. तो ठेवून घ्यायला हवा होता, हे ती फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं.

पोरगी पाचला आली. मी तिला टेबलाशी बसवलं. रागावणार नाही असं ठरवलं होतं.

"तुझी मैत्रीण आली होती. फॉर्म घेऊन."

तिचा चेहरा पडला, पण लगेच हनुवटी वर. "मंग? काय झालं त्यात?"

"काय झालं? तू मला खोटं बोलायला लावलंस."

"तू कुठं खोटं लिहिलं? तूच म्हणत होती, सगळं खरं हाय म्हणून." आणि मग, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा आवाज काढून, "आमच्या बाई उत्तरं सांगायच्या, आम्ही पाठ करायचो, पास व्हायचो. तुह्या पोरांनी केलं ते चाललं. आम्ही केलं तर चोरी!"

याचं पूर्ण उत्तर मी अजून शोधते आहे. मी विचारलं, "किती घेतेस?"

"डॉक्टरनं सांगितलं तितकीच."

"खरं सांग."

"सबमिशन असलं तर दोन. कवा तीन." बोटं टेबलावर वाजत होती, थांबत नव्हती. "आजी, मी आता पहिल्यांदा पुरा सिलॅबस वाचला. पहिल्यांदा! माहे बॅक निघून राह्यले. परीक्षेले नऊ दिवस हायेत. नऊ दिवस चूप राह्य. मंग मीच बंद करते. तुही शप्पथ."

मी तिचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. मिनिटाला एकशे अठरा. बसल्या जागी. मी आकडा सांगितला तेव्हा तिने हात ओढून घेतला आणि म्हणाली, "तू भांडून राह्यली म्हणून धडधडते."

मी चूप राहिले. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तिचं वर्ष जाईल, जावई तिला घेऊन जातील, माझ्या सहीमुळे मीही अडकेन, हे सगळं मनात होतं. सहीचं कितव्या क्रमांकावर होतं ते विचारू नका. मी मनाशी हिशेब मांडला की नऊ दिवस म्हणजे काही फार नाही. तिच्या खोलीच्या आसपास वावरायची, कान देऊन. चमचा पडला तरी उठायची. दुधात साय घालून द्यायची आणि ती पिते का ते स्वयंपाकघरातून पाहायची. देवासमोर बसले की स्तोत्राच्या मध्येच तिचा श्वास कसा चालला असेल हा विचार यायचा आणि मी कुठे होते ते विसरायची.

चौथ्या दिवशी सकाळी ती चहाला आली. कप उचलला आणि बशीवर कप इतका खडखडला की तिने तो परत ठेवला. "आजी, छातीत कसंतरीच होऊन राह्यलं," म्हणाली. चेहरा पांढरा, कपाळाला घाम. मी ऑटो बोलावला. ऑटोत ती माझा हात इतका घट्ट धरून होती की माझी बांगडी वाकली.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झोपवलं, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. "ठोके फार जोरात आहेत, पण बाकी पट्टी ठीक आहे," म्हणाले. मग तिला विचारलं, "काही घेतेस का? कुठलं औषध?"

"कॉफी," ती म्हणाली. "परीक्षा हाय ना सर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आजी?"

मुलांनो, मी तिच्याकडे पाहिलं. ती नुसती पाहत होती, डोळ्यांत सगळं ओतून. आणि मी म्हणाले, "हो. कॉफी फार पिते."

त्यांनी कॉफी बंद करायला सांगितली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. आम्ही घरी आलो. तिने भातावर वरण घेऊन चार घास खाल्ले आणि पुस्तक उघडून बसली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. फॉर्ममध्ये मी खोटं बोलले नव्हते, असं मी तोवर स्वतःला सांगत आले होते. आता डॉक्टरांच्या तोंडावर बोलले होते, आणि तेही तिची छाती धडधडत असताना. तिला काही झालं असतं तर त्या डॉक्टरांनी चुकीचंच औषध दिलं असतं, माझ्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी एकटी नागपूरला गेले. पोरीला सांगितलं, डोळे दाखवायला जाते. शेजारच्या बाईंना, त्याच साखरवाल्या, घरी येऊन बसायला सांगितलं. त्या काही न विचारता बसल्या.

डॉक्टर बाई तुमच्या आईपेक्षा लहान असतील. माझं नाव ऐकून म्हणाल्या, "तुमचा फॉर्म आठवतो मला. इतका सविस्तर फॉर्म माझ्याकडे आजवर आला नव्हता." मग पेन हातात फिरवत म्हणाल्या, "आणि नंतर दोन आले."

"तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्या फॉर्मला नाही. तिसऱ्याला शंका आली. मी त्या मुलीला पुन्हा बोलावलं, ती आली नाही." त्या पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुमच्या नातीबद्दल मी तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगाल ते ऐकू शकते."

मी सगळं सांगितलं. दोन आणि तीन गोळ्या, वाटलेल्या गोळ्या, एकशे अठरा, कालचा दवाखाना आणि कॉफी. त्यांनी पाणी दिलं. मग फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला आणि अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत, असं तिथे छापलेलं होतं.

"ही ओळ वाचली होती का?"

वाचली होती. आधी सूचना वाचा, असं तीस वर्षं मुलांना सांगणारी मी सूचना वाचणार नाही? पण खुणा करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच मूल होतं, तुमची आई. सात वर्षांची असताना जी शाळेतून आल्यावर मोजे घडी करून बुटात ठेवायची. तिच्याशी तुलना केली तर आर्वीतलं प्रत्येक पोर आजारी निघालं असतं. मी हे म्हणाले तेव्हा डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्याला हा आजार खरंच आहे त्याला या फॉर्ममुळे औषध मिळतं. असे फॉर्म फिरू लागले तर उद्या मी खऱ्यावरही संशय घेईन."

तेव्हा दादा, मला तू आठवलास.

त्यांनी सांगितलं, गोळ्या हिसकावू नका, तिला उद्याच घेऊन या, छातीत पुन्हा झालं तर थांबू नका आणि या वेळी डॉक्टरांना खरं सांगा. "शिक्षा म्हणून नाही आणायचं," त्या म्हणाल्या. "तिला जे होतं त्याला नाव असेल किंवा नसेल, पण काहीतरी होतंय." मी एका कागदावर लिहून दिलं की माझ्या खुणा चुकीच्या तुलनेने केलेल्या आहेत. खाली सही. अक्षर वाईट आलं.

घरी आल्यावर मी तिला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "डोळ्यांसाठी गेले नव्हते."

तिला क्षणात कळलं. ताट सरकवलं. "तू मले फसवलं."

"हो."

"चार दिवस, आजी! फक्त चार दिवस राह्यले होते!" ती ओरडली, मग रडली, मग माझ्या नीट लावलेल्या कपाटातला एक डबा जमिनीवर आपटला. हळद सगळीकडे उडाली. शेजारच्या बाई दारातच होत्या, त्यांनी झाडू घेतला. पोरगी तिथेच पिवळ्या पायांनी बसली आणि सांडलेली हळद बोटाने गोळा करत म्हणाली, "काल मले वाटलं मी मरून राह्यली. तुले सांगितलं नाई."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर नागपूरला आली. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टर बाईंशी मात्र तासभर बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही. गोळ्या बंद झाल्या. घरी येऊन ती दोन दिवस झोपली, इतकी की मी मधून मधून जाऊन पांघरूण हलतं का ते पाहायची. परीक्षेला बसली. पाच पेपर होते, दोन दिले. तिसऱ्याच्या दिवशी गणवेश घालून फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

जावई मेच्या अखेरीला आले. चहा घेतला, पेटी उचलली. मी सगळं सांगितलं, फॉर्मसकट. त्यांनी ऐकून घेतलं. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "मावशी, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आम्ही तुमच्या भरोशावर पोरगी ठेवली होती." एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. भाचीचा फोन नंतर पाच महिने आला नाही. कंप्लेंटची हकिगत तिकडून आली असावी. मी दुरुस्त करायला गेले नाही.

त्या हिंगणघाटच्या मुलीला मी होस्टेलवर जाऊन भेटले. फॉर्म फाडला म्हणाली. "हो ना मॅडम," म्हणाली. मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि तो तसाच अर्धवट राहिला आहे.

दिवाळीनंतर आठवड्याने पोरीचा फोन आला. हिवाळी परीक्षेचा अर्ज भरला म्हणाली. "येऊ का नालवाडीले? बाबा हो म्हणून राह्यले. तू म्हण."

मी "ये" म्हणाले. भाचीने तिच्याबरोबर चकल्या पाठवल्या, निरोप काही नाही.

आता ती आतल्या खोलीत अभ्यास करते आहे. अर्ध्या तासाने उठते, माझ्याभोवती एक फेरी मारते, काहीतरी तोंडात टाकते, जाते. कालपासून दोनदा जेवण मागून घेतलं. आज सकाळी मात्र सलग तीन तास खोलीतून बाहेर आली नाही आणि माझ्या हातातली विणकामाची सुई थांबली. तिची बॅग बाहेर खुंटीला होती. मी उठले, बॅगेपर्यंत गेले, चेनला हात लावला. मग काढला. बॅगेत काही सापडलं असतं तर ते कळलं असतं, आणि काही सापडलं नसतं तरी उद्या पुन्हा पाहावं लागलं असतं. मी दार वाजवलं आणि सरळ विचारलं, "आज काही घेतलंस का?"

"नाई," ती आतून म्हणाली. मग दार उघडून, डोळे चोळत, "झोपली होती आजी. तू रोज विचारशील का असंच?"

"रोज."

"विचारजो," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं, कडी न लावता.